सिव्हिलायझेशन ३ : कोणती सिव्ह घ्यावी? ट्रेट्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिलायझेशन ३ हा साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम येऊन वीस वर्षं कधीच उलटली. तरी आजही कुणी ना कुणी हा गेम नव्याने खेळायला घेतो, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या सिव्ह, म्हणजे संस्कृती दिल्यात, त्यातली घेऊ कुठली? मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण त्याचं उत्तर शोधता शोधता गेमचं अर्धं गणित समजतं.

खालची उत्तरं २००३ साली आलेल्या 'कॉन्क्वेस्ट्स' या विस्ताराला धरून आहेत. आज 'कम्प्लीट' नावाने जी आवृत्ती विकत मिळते, तिच्यात तो असतोच. २००१ चा मूळ गेम खेळत असाल तर काही गोष्टी वेगळ्या आहेत. जिथे फरक मोठा आहे तिथे तसं सांगितलं आहे.

ट्रेट म्हणजे नेमकं काय? एकूण किती आहेत?

प्रत्येक सिव्हला दोन ट्रेट असतात, म्हणजे दोन जन्मजात गुण. ते गेम सुरू झाल्यावर बदलता येत नाहीत. मूळ गेममध्ये सहा ट्रेट होते : कमर्शियल, एक्सपान्शनिस्ट, इंडस्ट्रियस, मिलिटरिस्टिक, रिलिजियस आणि सायंटिफिक. कॉन्क्वेस्ट्समध्ये ॲग्रिकल्चरल आणि सीफेअरिंग आले आणि आकडा ८ झाला. सिव्ह एकूण ३१ आहेत.

ट्रेटचे फायदे तीन प्रकारचे असतात. एक, काही इमारती निम्म्या शील्डमध्ये, म्हणजे निम्म्या उत्पादन-खर्चात होतात. दोन, कायमचा एखादा फायदा मिळतो, जसं जास्तीचं फूड, वेगवान वर्कर (रस्ते, खाणी करणारे मजूर) किंवा लवकर बढती मिळणारं सैन्य. तीन, सुरुवातीला हातात असलेलं तंत्रज्ञान साधारण ट्रेटवरून ठरतं. ॲग्रिकल्चरल आणि एक्सपान्शनिस्टला पॉटरी, कमर्शियल आणि सीफेअरिंगला अल्फाबेट, इंडस्ट्रियसला मेसनरी, मिलिटरिस्टिकला वॉरियर कोड, रिलिजियसला सेरेमोनियल बरिअल, सायंटिफिकला ब्राँझ वर्किंग. हा तिसरा फायदा बहुतेक जण हिशेबातच धरत नाहीत. तो किती मोलाचा आहे ते पुढे येईल.

नवा विस्तार आला तेव्हा काही जुन्या सिव्हचे ट्रेटही बदलले. इरोक्वॉय आधी एक्सपान्शनिस्ट-रिलिजियस होते, ते ॲग्रिकल्चरल-कमर्शियल झाले. इंग्रजांचा एक्सपान्शनिस्ट जाऊन सीफेअरिंग आला. त्यामुळे इंटरनेटवर जुना सल्ला वाचताना तो कुठल्या आवृत्तीचा आहे हे आधी बघा.

एकच ट्रेट निवडायचा झाला तर सगळ्यात चांगला कुठला?

ॲग्रिकल्चरल. याबाबत माझं मत अनेक वर्षांत बदललेलं नाही. का, ते आकड्यांनी दाखवतो, कारण हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकी सगळ्या ट्रेट्सची किंमत आपोआप कळते.

लोकसंख्या ६ होईपर्यंत शहराच्या फूडच्या पेटीत २० फूड मावतं. पेटी भरली की माणूस एक वाढतो. एक माणूस दर टर्नला २ फूड खातो. शहराच्या मधल्या टाइलवर, म्हणजे नकाशावरच्या चौकटीवर, २ फूड मिळतं आणि साध्या गवताळ टाइलवरही २ च. म्हणजे माणूस आपल्यापुरतं पिकवतो आणि खातो, मधल्या टाइलचं २ फूड शिलकीत पडतं. २० फूड जमायला १० टर्न लागतात. ॲग्रिकल्चरल सिव्हला मधल्या टाइलवर एक फूड जास्त मिळतं, म्हणजे शिल्लक ३. पेटी ७ टर्नमध्ये भरते. दहाचे सात झाले, तेही काही न करता.

आता यात धान्याचं कोठार, म्हणजे ग्रॅनरी आणि एक गाय घाला. गवताळ टाइलवर गाय असेल आणि तिथे पाणी आणलं असेल, तर डेस्पोटिझममध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सरकारात, त्या टाइलवर ४ फूड मिळतं. साध्या सिव्हची शिल्लक झाली ४. ग्रॅनरी असल्यामुळे दर वाढीला २० ऐवजी १० च फूड लागतं. पण ४ च्या पटीत १० बसत नाहीत. दोन टर्नमध्ये ८ होतात, तिसऱ्याला १२, आणि वरचे २ वाया जातात, कारण हा गेम जास्तीचं फूड पुढे ढकलत नाही. माणूस दर ३ टर्नला वाढतो. सेटलरला, म्हणजे नवं शहर वसवणाऱ्या पथकाला, २ माणसं लागतात, म्हणजे दर ६ टर्नला एक सेटलर.

हेच शहर ॲग्रिकल्चरल असेल तर शिल्लक ५ आणि १० फूडला बरोबर २ टर्न. दर ४ टर्नला एक सेटलर, फक्त टर्नला सरासरी साडेसात शील्ड जमवायची, कारण सेटलरची किंमत ३० शील्ड आहे. २४ टर्नमध्ये एकाचे ४ सेटलर निघतात, दुसऱ्याचे ६. त्या दोन जास्तीच्या शहरांतून पुढे पुन्हा वर्कर, सैनिक आणि सेटलर निघणार. हे चक्रवाढ व्याज आहे. खेळणारे अशा शहराला सेटलर फॅक्टरी म्हणतात, आणि पहिल्या ऐंशी-शंभर टर्नमध्ये तुमच्याकडे ती आहे की नाही यावर पुढचा गेम बराच ठरतो.

शिवाय ॲग्रिकल्चरलला पॉटरी आधीपासून असते, म्हणजे ग्रॅनरी पहिल्या टर्नपासून बांधता येते. बहुतेक इतरांना आधी पॉटरी शोधावी लागते. फायद्यावर फायदा.

नदी नसेल तर ॲग्रिकल्चरलचा उपयोग काय?

चांगला प्रश्न आहे, आणि इथेच नवे खेळाडू फसतात. डेस्पोटिझममध्ये एक दंड असतो : ज्या टाइलवर कुठल्याही गोष्टीचं उत्पन्न २ पेक्षा जास्त असेल, तिथे एक कमी होतं. शहराच्या मधल्या टाइललाही हा दंड लागतो. ॲग्रिकल्चरलला सूट मिळते ती फक्त नदी किंवा तळ्याकाठच्या शहरात. कोरड्या जागी वसवलेल्या शहराला डेस्पोटिझम संपेपर्यंत जास्तीचं फूड दिसणार नाही.

म्हणून राजधानीसाठी एखादी टर्न चालून नदीकाठ गाठावा लागला तरी गाठा. एक टर्न जाते, पण पुढची शंभर टर्न ती वसूल होते. पुढची दोन-तीन शहरंही शक्यतो त्याच काठाने खाली वर वसवा. मनार्की किंवा रिपब्लिक असं पुढचं सरकार आलं की दंड जातो आणि सगळ्या शहरांत ते एक फूड मिळायला लागतं.

पाणी नसलेल्या शहरांची वाढ ६ ला थांबते, पुढे ॲक्विडक्ट लागतो. त्याची किंमत १०० शील्ड, ॲग्रिकल्चरलला ५०. आणि पाणी दिलेल्या वाळवंटात त्यांना १ ऐवजी २ फूड मिळतं, म्हणजे इतरांना नकोशी वाटणारी जमीनही त्यांना चालते. वाळवंटात नदी असलेली सुरुवात मिळाली की बरेच जण नवा नकाशा काढतात. ॲग्रिकल्चरल सिव्ह असेल तर काढू नका.

इंडस्ट्रियस सर्वांत भारी असं सगळीकडे वाचलंय. खरं ना?

मूळ गेममध्ये खरं होतं. तेव्हा इंडस्ट्रियस वर्कर दुप्पट वेगाने काम करायचे आणि पुढे कुणी टिकायचंच नाही. कॉन्क्वेस्ट्समध्ये तो वेग दीडपटीवर आणला. सपाट जमिनीवरचा रस्ता इतरांना ३ टर्न, यांना २. खाण ६ ऐवजी ४.

तरी हा ट्रेट माझ्या यादीत दुसरा आहे. सुरुवातीला वर्कर एक किंवा दोनच असतात आणि काम डोंगराएवढं. गाईच्या टाइलला पाणी दहाव्या टर्नला मिळालं की पंधराव्या, यावरच वरचा सगळा हिशेब अवलंबून असतो. रस्ता झालेल्या टाइलवर कॉमर्स, म्हणजे व्यापाराचं उत्पन्न, वाढतो, त्यातून संशोधन. वर्करचा वेग म्हणजे प्रत्येक गोष्ट थोडी आधी. शहर ६ च्या वर गेलं की मधल्या टाइलवर एक शील्डही जास्त मिळतं.

इंडस्ट्रियस घेऊन वर्करना ऑटोमेटवर टाकणार असाल, तर मात्र दुसरा ट्रेट घ्या. गेम आपल्या मनाने जिथे नको तिथे खाणी खणतो आणि गहू कोरडा ठेवतो. वर्कर हातानेच फिरवायला हवेत. कंटाळवाणं वाटेल, पण पहिल्या शंभर टर्नमध्ये याहून महत्त्वाचं काम दुसरं नाही.

कमर्शियल आणि रिलिजियस यांत कुठला?

तुम्ही सरकार किती वेळा बदलता, ते आधी पाहा.

रिलिजियसचा खरा फायदा मंदिरात नाही, अराजकात आहे. सरकार बदलताना अ‍ॅनार्की येते. त्या काळात संशोधन ठप्प, तिजोरी ठप्प, उत्पादन मातीमोल. ती किती टर्न चालेल हे नशिबावर असतं आणि मोठ्या साम्राज्यात ती फार लांबते. रिलिजियसला ती जेमतेम २ टर्न, मूळ गेममध्ये तर १ च. ज्यांना शांततेत रिपब्लिक आणि लढाईत मनार्की असं आलटून पालटून खेळायचं असतं, त्यांना हा ट्रेट सोन्यासारखा. जे एकदा रिपब्लिक घेतात आणि शेवटपर्यंत त्यातच राहतात, त्यांच्यासाठी तो आयुष्यात एकदाच कामाला येतो. ६० शील्डचं मंदिर ३० मध्ये होतं हा वरचा लाभ. त्याने सीमा लवकर पसरतात, लोक खूश राहतात.

कमर्शियलमध्ये भ्रष्टाचाराची गळती कमी होते आणि मोठ्या शहरांत कॉमर्स थोडा वाढतो. फायदा हळूहळू दिसतो, पण शेवटपर्यंत टिकतो. राजधानीपासून लांबच्या शहरांत गळती इतकी होते की हातात १ शील्ड आणि १ कॉमर्स उरतं. कमर्शियलमुळे ही हद्द थोडी बाहेर सरकते. वीस-पंचवीस शहरांच्या साम्राज्यात त्या थोड्याचंच खूप होतं.

पण मला कमर्शियल आवडतो तो अल्फाबेटसाठी. कॉन्क्वेस्ट्समध्ये जो पहिला फिलॉसॉफी शोधतो त्याला एक तंत्रज्ञान फुकट मिळतं. अल्फाबेट हातात असलेला खेळाडू थेट रायटिंगला जातो, मग कोड ऑफ लॉज, मग फिलॉसॉफी, आणि फुकटात मागतो द रिपब्लिक. एआय, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो खेळाडू, या वाटेने सहसा घाई करत नाही, त्यामुळे पहिला नंबर बऱ्याचदा लागतो. रिपब्लिकमध्ये ज्या टाइलवर १ कॉमर्स आहे तिथे २ होतात. हे शंभराव्या टर्नच्या आधी साधलं तर संशोधनात तुम्ही कुणाला ऐकत नाही.

सायंटिफिक घेतल्याने संशोधन वेगाने होतं का?

नावावरून तसं वाटतं, पण संशोधनाचा वेग थेट वाढत नाही. लायब्ररी, युनिव्हर्सिटी निम्म्या किमतीत होतात आणि प्रत्येक नव्या युगात शिरताना एक तंत्रज्ञान फुकट मिळतं. नवी युगं तीन, म्हणजे पूर्ण गेममध्ये तीन भेटी. लायब्ररी ८० ऐवजी ४० शील्डला हे मात्र खरंच उपयोगी आहे, कारण ती संशोधनाबरोबर कल्चरही, म्हणजे सीमा पसरवणारे सांस्कृतिक गुणही देते.

एक युक्ती सांगतो. तुम्ही स्वतः सायंटिफिक नसलात तरी शेजारी कुणी सायंटिफिक असेल, तर जुन्या युगातलं त्याचं शेवटचं राहिलेलं तंत्रज्ञान त्याला देऊन टाका. तो लगेच नव्या युगात जातो, त्याला फुकट तंत्रज्ञान मिळतं, आणि ते तुम्ही त्याच टर्नला त्याच्याकडून विकत घ्या. दोन सायंटिफिक शेजारी असतील तर कधी कधी दोन वेगळी तंत्रज्ञानं हाती लागतात.

मला लढायलाच आवडतं. मग मिलिटरिस्टिक घेऊ ना?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. हा ट्रेट युद्ध जिंकायला मदत करतो, युद्ध सुरू करण्याएवढं बळ मात्र देत नाही. बळ येतं शहरांच्या संख्येतून. दहा शहरांचा साधा राजा पाच शहरांच्या मिलिटरिस्टिक राजाला सहज नमवतो.

४० शील्डची बॅरॅक्स २० मध्ये होते आणि सैनिक बढती लवकर घेतात. रेग्युलरला ३ हिटपॉइंट, व्हेटरनला ४, एलिटला ५. एलिट सैनिक जिंकला की सेनापती मिळण्याची शक्यता सोळात एक असते, हिरॉइक एपिक बांधलं की बारात एक. मिलिटरिस्टिकमुळे एलिट जास्त तयार होतात, म्हणून सेनापतीही जास्त. चीनकडे मिलिटरिस्टिकला इंडस्ट्रियसची जोड आहे आणि त्यांचा रायडर हा घोडेस्वार तीन घरं चालतो. लढाईसाठी ही माझी सगळ्यात आवडती जोडी.

नकाशा बघून ट्रेट निवडावा का?

हो, आणि नकाशा रँडम ठेवणार असाल तरी कुठले ट्रेट नकाशावर अवलंबून आहेत ते माहीत हवं. ॲग्रिकल्चरल, इंडस्ट्रियस, कमर्शियल कुठेही चालतात. सीफेअरिंग आणि एक्सपान्शनिस्ट हे जुगार आहेत.

सीफेअरिंगला जहाजं एक घर जास्त चालतात, खोल पाण्यात बुडण्याची भीती कमी असते, सुरुवात किनाऱ्यावर होते, हार्बर स्वस्त. बेटांच्या नकाशावर याला तोड नाही. अल्फाबेट आल्यावर क्युरा नावाची छोटी होडी काढता येते. इतर सगळे आपापल्या बेटावर बसलेले असताना तुम्ही ती होडी पाठवून सगळ्यांना भेटता, आणि एकाचं तंत्रज्ञान दुसऱ्याला विकता. मधला दलाल होणं हा या गेममधला सगळ्यात फायद्याचा धंदा आहे. पँजिया, म्हणजे एकाच मोठ्या खंडाच्या नकाशावर मात्र यातलं बरंच वाया जातं.

एक्सपान्शनिस्ट नेमका उलटा. सुरुवातीला स्काउट, म्हणजे टेहळ्या मिळतो, आणि वाटेतल्या बक्षिसं देणाऱ्या झोपड्यांतून कधीच रानटी टोळी निघत नाही. मोठ्या पँजियावर स्काउट पसरवले की तंत्रज्ञान, सोनं, क्वचित एखादा सेटलरही मिळतो. लहान बेटावर स्काउट दहा टर्नमध्ये किनाऱ्यावर येऊन उभा राहतो आणि ट्रेट तिथेच संपतो.

अवघड पातळीवर निवड बदलते का?

बदलते. रीजंट पातळीवर तुम्ही आणि एआय समान असता. मनार्क पातळीवर एआयला सगळं दहाच्या जागी नऊला पडतं, एम्पररला आठला, डेमीगॉडला सातला, डीटीला सहाला, आणि सिडला चारला. वरच्या पातळ्यांवर त्यांना सुरुवातीला जास्तीचं सैन्यही मिळतं.

याचा अर्थ असा : खालच्या पातळीवर कुठलाही ट्रेट चालतो, म्हणून आवडेल तो घ्या. वरच्या पातळीवर मोठे वंडर, म्हणजे जगात एकदाच बांधता येणारी आश्चर्यं, एआय तुमच्या आधी बांधतो, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. तिथे दोनच गोष्टी तुमच्या हातात असतात, जमीन लवकर पकडणं आणि तंत्रज्ञानाची हुशारीने देवाणघेवाण. जमिनीसाठी ॲग्रिकल्चरल, देवाणघेवाणीसाठी कमर्शियल किंवा सीफेअरिंग. डीटीवर एक्सपान्शनिस्टचं मोल घटतं, कारण झोपड्यांतून मिळालेली छोटी तंत्रज्ञानं एआयकडे एव्हाना झालेली असतात.

युनिक युनिट बघून सिव्ह घेतली तर चूक आहे का?

चूक नाही, पण त्या युनिटमुळे, म्हणजे फक्त त्या सिव्हला मिळणाऱ्या खास सैन्यामुळे, गोल्डन एज कधी सुरू होईल हे आधी बघा. युनिक युनिटने पहिली लढाई जिंकली की २० टर्नचं गोल्डन एज सुरू होतं. त्या काळात ज्या टाइलवर निदान एक शील्ड किंवा एक कॉमर्स आहे, तिथे एक जास्त मिळतं. पूर्ण गेममध्ये हे एकदाच.

आता डेस्पोटिझमचा दंड आठवा. २ च्या वर गेलं की एक कापलं जातं. गोल्डन एजचा बराच फायदा त्या दंडात जातो. म्हणून सुमेरियाचा एन्किडू वॉरियर, ॲझ्टेकचा जॅग्वार वॉरियर, माया लोकांचा जॅव्हलिन थ्रोअर ही चांगली युनिटं असूनही जपून वापरावी लागतात. सगळ्यात वाईट तेव्हा, जेव्हा तुम्ही हल्ला करतच नाही. ग्रीकांचा हॉपलाइट शहरात शांत उभा असतो, शेजारी चाल करून येतो, हॉपलाइट जिंकतो, आणि पडद्यावर गोल्डन एजची घोषणा येते. माझा असाच एक चांगला गेम हातचा गेला. सरकार बदलायला सोळा टर्न बाकी होत्या, सगळी शहरं २ नाहीतर ३ वर होती, आणि ती वीस टर्न मी वहीत आकडे लिहीत नुसता बघत बसलो. तेव्हापासून ग्रीक घेतले की डेस्पोटिझम संपेपर्यंत सीमेवरच्या शहरांत हॉपलाइटऐवजी वेगळं सैन्य ठेवतो आणि शेजाऱ्याला खुशाल खंडणी देतो.

मध्ययुगातली युनिटं या दृष्टीने आदर्श. चीनचा रायडर, जपानचा सामुराई, भारतीयांचा वॉर एलिफंट. तोवर सरकार बदललेलं असतं, शहरं मोठी असतात, आणि वीस टर्नचं सोनं खरंच हाती पडतं.

भारतीय घेतले तर कसं?

आपल्याकडच्या प्रत्येकाने एकदा तरी घेतलेले असतात. नेता गांधी, ट्रेट रिलिजियस आणि कमर्शियल. शहरांची यादी दिल्ली, बॉम्बेपासून सुरू होते आणि थोड्या वेळाने त्यात कोल्हापूरही येतं. माझ्या नकाशावर ते पहिल्यांदा उगवलं तेव्हा मी खेळ थांबवून ते नाव नीट वाचलं होतं. त्या शहराला नेहमी नदीकाठच बघून देतो, पंचगंगेविना कोल्हापूर मनाला पटत नाही.

ट्रेट म्हणून बघितलं तर जोडी वरच्या फळीतली नाही, पण मजबूत आहे. अल्फाबेट हातात असल्याने फिलॉसॉफीची वाट मोकळी. रिपब्लिक मिळाला की बदलायला फक्त २ टर्न. वॉर एलिफंटला घोडे लागत नाहीत, लोखंड लागत नाही. शिव्हल्री शोधली की नाइटच्या तोडीचं सैन्य निघतं, तुमच्या जमिनीत काही सापडो वा न सापडो. ज्यांना आयत्या वेळी लोखंड न सापडण्याचा अनुभव आहे, त्यांना हे किती मोठं आहे ते सांगायला नको. कमकुवत बाजू एकच, पहिली पन्नास टर्न. वाढीला मदत करणारं काही नाही. म्हणून भारतीय घेतले की पॉटरी एआयकडून लवकर मिळवा आणि ग्रॅनरी आधी बांधा.

लढाईशिवाय, कल्चरने जिंकायचं असेल तर?

बॅबिलोन. रिलिजियस-सायंटिफिक, म्हणजे मंदिर, कॅथेड्रल, लायब्ररी, युनिव्हर्सिटी सगळं निम्म्यात, आणि कल्चर याच इमारती देतात. एका शहराचं २०,००० कल्चर किंवा सगळ्या साम्राज्याचं १,००,००० हे लक्ष्य. इमारत उभी राहून हजार वर्षं झाली की तिचं कल्चर दुप्पट होतं, आणि गेममध्ये सुरुवातीची एक टर्न बऱ्याच वर्षांची असते. त्यामुळे इमारत जितकी लवकर तितकं चांगलं. स्वस्त मंदिराचा खरा अर्थ इथे समजतो.

सिव्हिलायझेशन ४ मध्येही हेच नियम लागू होतात का?

नाही. २००५ साली आलेल्या चौथ्या भागात ट्रेट सिव्हला नसून नेत्याला असतात, आणि यादीही वेगळी आहे. पण पहिल्या शंभर टर्नमध्ये काय मिळतं ते आधी बघा, हा हिशेब तिथेही चुकत नाही. तिथला फायनॅन्शियल ट्रेट खेळणाऱ्यांना इतका आवडतो तो याच कारणाने.

ट्रेट स्वतः बदलता येतात का?

गेमबरोबर एडिटर येतो, त्यात प्रत्येक सिव्हसमोर ट्रेटच्या चौकटी असतात. हव्या तिथे खूण करा आणि नवा सिनॅरिओ म्हणून जपून ठेवा. मी एकच नकाशा बनवून एका खेपेला ॲग्रिकल्चरल, दुसऱ्या खेपेला इंडस्ट्रियस घेऊन खेळायचो. ट्रेटचा फरक समजून घ्यायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. एकाच सिव्हला चार-पाच ट्रेट देऊ नका, दोन दिवसांत गेम बेचव होतो.

विरोधक निवडताना ट्रेट बघावेत का?

नक्की बघा, फार कमी लोक हे करतात. शेजारी ॲग्रिकल्चरल एआय असला की तो जमीन फार लवकर खातो. त्याला लवकर आवरावं लागतं. सायंटिफिक एआय लांब असले तर ते तुमचे गिऱ्हाईक. शेजारी झुलू किंवा मंगोल ठेवले तर भाल्यांची तयारी पहिल्यापासून हवी, कारण दोघेही मिलिटरिस्टिक-एक्सपान्शनिस्ट आहेत आणि ते तुम्हाला लवकर शोधून काढतात.

पहिल्यांदाच खेळतोय. एकच नाव सांगा.

इरोक्वॉय. ॲग्रिकल्चरल-कमर्शियल, हातात पॉटरी आणि अल्फाबेट. त्यांचा माउंटेड वॉरियर हॉर्सबॅक रायडिंगपासून निघतो, हल्ला ३ आणि चाल २. पहिलं शहर नदीकाठी वसवा. आधी एक-दोन वॉरियर आसपास बघायला काढा, मग ग्रॅनरी, मग एकामागून एक सेटलर. वर्करला पहिलं काम गाय किंवा गहू असलेल्या टाइलवर द्या. आधी पाणी, मग रस्ता. संशोधन रायटिंगपासून सुरू करून फिलॉसॉफीकडे न्या. मधे घोडे दिसले तर तिथे एक शहर टाका, पण रिपब्लिक हातात येईपर्यंत माउंटेड वॉरियरला लढवू नका.